एकदाच दाबलेलं बटण

शुक्रवारी सकाळी रिपोर्ट हिरवागार आला आणि माझं डोकं फिरलं.

सगळ्या चाचण्या पास झाल्या की शहाणी माणसं चहा पितात. मी खुर्चीवरून उठले, अंगणात गेले, वाळत घातलेल्या हळदीला वळसा घालून परत आले, रिपोर्ट पुन्हा उघडला आणि पुन्हा उठले. बाजेवर पडलेली माझी धाकटी बहीण सपना म्हणाली की तुझ्याकडे बघून मलाच गरगरायला लागलंय. नवव्या महिन्यातल्या बाईला गरगरवणं बरं नाही, म्हणून मी बसले. बसले तर पाय हलायला लागला.

सॉफ्टवेअर तपासणं हे माझं काम. दुसऱ्यानं बनवलेलं ॲप कुठं मोडतं ते शोधायचं आणि त्याला सांगायचं. आई म्हणते, नाव करुणा ठेवलं आणि पोरगी निघाली फौजदार. सपना तर सरळ 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' म्हणते. दोघींचंही खरं आहे. मला चटकन राग येतो, एका जागी बसवत नाही आणि कोणी 'सगळं ठीक आहे' म्हणालं की आधी संशय येतो. लग्न जमवताना या गुणांना कोणी विचारत नाही, पण पुण्याच्या कंपनीत त्यांचाच पगार मिळतो.

कंपनी पुण्यात आणि मी पुसेगावात. लॉकडाऊनमध्ये घरी आले ती राहिलेच. मागच्या खोलीत टेबल टाकलं, इन्व्हर्टर घेतला, लॅपटॉपला वायरीनं दोन फोन जोडून ठेवले. त्या फोनांवर माझ्या स्क्रिप्टा आपोआप चालतात. बटणं दाबतात, मजकूर वाचतात, बरोबर निघालं तर हिरवं आणि चुकलं तर लाल दाखवतात. खेड्यातल्या बायका वापरणार असलेलं ॲप खेड्यातच तपासलं जातंय, याचं कंपनीला फार कौतुक होतं.

ॲप होतं जिल्ह्यात बाळंतिणींसाठी गाड्या चालवणाऱ्या एका संस्थेचं. त्यात फक्त एक मोठं लाल बटण. ते दाबलं की आधी 'पाठवत आहे' अशी अक्षरं यायची, आणि गाडीवाल्यानं निरोप घेतला की 'गाडी निघाली'. पत्ता, रस्ता सगळं त्याच्या फोनवर जायचं. सोमवारी हे सगळ्या जिल्ह्यात सुरू होणार होतं आणि संस्थेचा जुना फोन नंबर त्याच दिवशी बंद होणार होता. म्हणजे त्यानंतर कोणत्याही बाईला कळा आल्या तर ते बटण हाच आधार.

आमच्या तालुक्यात काही घरांत ते आधीच चालू केलं होतं. त्यात आमचं घर मीच घातलं, कारण सपना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्या नावाचा फोन फळीवर, तांदळाच्या डब्याशेजारी ठेवला होता. कोणी त्याला हात लावायचा नाही, बॅटरी उतरली तरच चार्जिंगला लावायचा. आईला मी बजावून ठेवलं होतं की वेळ आली तर नंबर फिरवायचा नाही, बटणच दाबायचं. जुन्या सवयीनं नंबर फिरवला तर चाचणी कसली?

मला फक्त संध्याकाळपर्यंत एक ओळ लिहून पाठवायची होती. तपासलं, जाऊ द्या. ती ओळ गेल्याशिवाय ॲप सुटत नाही. एरवी ती लिहायला मला क्षण लागतो. त्या दिवशी हात उचलत नव्हता, कारण त्या हिरव्यागार रिपोर्टमध्ये एका चाचणीसमोर बारीकशी पिवळी खूण होती.

पिवळ्या खुणेचा अर्थ असा. चाचणी पहिल्यांदा नापास झाली तर स्क्रिप्ट तिची शेवटची पायरी आपोआप पुन्हा चालवते. दुसऱ्यांदा पास झाली की निकाल हिरवा. ही सोय आमच्या धंद्यात सगळीकडे असते, कारण कधी वायर हलते, कधी फोन अडकतो, आणि दर लाल खुणेमागं धावत बसलं तर काम व्हायचं नाही. पण नापास पोराला दुसऱ्यांदा बसवून पास केलं आणि प्रगतिपत्रकावर नुसतं 'पास' लिहिलं, तर त्याच्या बापाला काय कळणार?

ती चाचणी माझीच होती. ॲप उघडायचं, फोन बराच वेळ तसाच पडू द्यायचा, आणि मग बटण दाबायचं. आमच्या फळीवरच्या फोनाकडे बघूनच ती सुचली होती. ती पहिल्या खेपेला नापास व्हायची आणि दुसऱ्या खेपेला पास. कधी पहिल्याच खेपेला पास. मी ते अपूर्वला कळवलं होतं. अपूर्व म्हणजे पुण्यातला आमचा टीम लीड, हुशार, मनानं चांगला, आणि माझ्यासारखाच घाईचा. त्यानं स्वतःच्या फोनवर दाबून बघितलं, निरोप गेला. 'तुझ्या गावचं नेटवर्क असेल' असं लिहून त्यानं तक्रार बंद करून टाकली.

मला पटलं नव्हतं. पण आमच्याकडे नेटवर्क खरंच वाईट आहे. इतकं वाईट की सगळ्यांची पापं त्याच्या माथी मारता येतात. पाहुणे आले नाहीत, फोन लागला नसंल. पैसे पोचले नाहीत, रेंज न्हाई. खरी चूक कोणाची ते शोधायची गरजच उरत नाही. मी ती तक्रार पुन्हा उघडली नाही. का उघडली नाही, ते त्या वेळी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

दुपारी अपूर्वचा निरोप आला की संस्थेचे लोक विचारतायत, किती वेळ. मी लॅपटॉप बंद केला. नेटवर्कच दोषी आहे ना, मग चांगल्या नेटवर्कमध्ये जाऊन बघू. चाचणीचे दोन्ही फोन पिशवीत टाकले आणि गावातून फेऱ्या मारणाऱ्या लालसिंगच्या जीपमध्ये बसून तालुक्याला, सेनगावला निघाले. वडील शेतात हळदीच्या कढईपाशी होते. आई म्हणाली, उन्हाची कुठं निघाली, जेवून तरी जा. मी ऐकलं नाही.

सेनगावात टॉवरच्या जवळच एक चहाचं हॉटेल आहे. तिथं रेंजच्या कांड्या पूर्ण दिसतात. मी बाकड्यावर फोन ठेवला, ॲप उघडलं, बटण दाबलं. चाचणीच्या फोनवरचा निरोप खऱ्या गाडीवाल्याकडे जात नाही, माझ्याच दुसऱ्या फोनवर येतो. लगेच आला. पुन्हा दाबलं, पुन्हा आला. नेटवर्क बंद केलं, चालू केलं, दाबलं, आला. माझा स्वतःचा फोनही मी त्याच खटपटीत बंद-चालू करत होते.

मग ठरवलं की आता फोन पडू द्यायचा. चहा मागवला. एक घोट घेतला आणि फोन उचलून बघितला, ॲप चालू आहे ना. खाली ठेवला. दुसरा घोट घेतला आणि परत उचलला. हॉटेलवाला माझ्याकडे बघायला लागला. मी फोन पालथा घातला, तरी थोड्या वेळानं सुलटा करून वेळ बघितली. शेवटी बटण दाबलं. निरोप झटकन आला.

म्हणजे गावचं नेटवर्कच. अपूर्व खरा आणि मी उगाच संशयी. राग आला, पण थोडं हलकंही वाटलं. तिथंच बसून मी ती ओळ लिहिली, तपासलं, माझ्याकडून हो, आणि पाठवून दिली. अपूर्वचा अंगठा आला. परतीला पुन्हा लालसिंगचीच जीप मिळाली. सबंध रस्ताभर माझा पाय हलत होता आणि शेजारची बाई दर खेपेला पदर आवरून घेत होती.

घरी आले तर आई उंबऱ्यात बसलेली. ठेवणीतलं लुगडं नेसलेली, शेजारी बाळंतपणाची पिशवी. आत सपना भिंतीला टेकून होती, चेहरा घामानं भिजलेला, ओठ दातात धरलेले. शेजारच्या जिवनबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

काय झालं ते जिवनबाईंनीच सांगितलं. मी जीपमध्ये बसून गेले आणि थोड्याच वेळात सपनाला कळा सुरू झाल्या. आईनं मला फोन केला, तो लागला नाही. मग फळीवरचा फोन काढून बटण दाबलं आणि गाडीची वाट बघत बसली. जिवनबाई आपल्या दिराची गाडी बोलावते म्हणाल्या, तर आईनं नको म्हटलं. सांगितलेला माणूस वाटेत असंल, तो आल्यावर त्याला रिकामं परत कसं पाठवायचं?

मी फळीवरचा फोन उचलला. पडद्यावर गोल फिरत होतं. 'पाठवत आहे.' संस्थेची गाडी सेनगावच्या दवाखान्यापाशी उभी असते, तिथून ती एव्हाना दोनदा येऊन गेली असती.

"आई, काहून दुसऱ्यांदा दाबलं न्हाई?"

आई माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी काही अभद्र बोलले.

"एकदा सांगितलं ना. तुझ्या आजीला हिरीवर उभं राहावं लागायचं, कोनी वरून पानी वतंस्तोवर. वत गं माय, वत गं माय, म्हनत राहायची. म्या बाजूला घागर घिऊन उभी. तवाच ठरवलं, जे मागायचं ते एकदा. दुसऱ्यांदा कोनाला म्हनायचं न्हाई."

हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. लहानपणी ताटात भाजी संपली तरी आमच्या घरात कोणी दुसऱ्यांदा वाढ म्हणायचं नाही, आईच बघून वाढायची. मला वाटायचं, ही आमच्या घराची शिस्त. अपूर्वनं तक्रार बंद केली तेव्हा मी पुन्हा तोंड का उघडलं नाही, तेही मला तिथं, सपना कण्हत असताना, कळलं. इतका राग मला आजवर कोणावर आला नव्हता, आणि तो नेमका कोणावर होता हेही समजेना.

आता पुन्हा दाबून सेनगावातून गाडी येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. मी धावत स्टँडवर गेले. लालसिंग जीप वळवत होता. त्याला काही सांगायची गरज पडली नाही, माझं तोंड बघून त्यानं बसलेली माणसं खाली उतरवली. जिवनबाईंनी वडिलांना निरोप पाठवला. आम्ही सपनाला मागं आडवं केलं, आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. रस्त्यावर खड्डा आला की सपना ओरडायची आणि आई उजव्या हाताचं पहिलं बोट अंगठ्यावर घासायची. मी ते बघत होते, पण त्या वेळी मला त्याचा अर्थ लागला नाही.

सेनगावच्या दवाखान्यात पोचल्यावर पुढचं भराभर झालं. मुलगी झाली. पण ती रडली नाही. मग बऱ्याच खटपटीनंतर रडली, तेही बारीक. डॉक्टरीण बाहेर आल्या, शांतपणे म्हणाल्या की बाळ खूप वेळ अडकून होतं, त्याला हिंगोलीला हलवावं लागेल, काचेच्या पेटीत ठेवावं लागेल. सपना ठीक आहे. थोडं आधी आणलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी कोणाला दोष दिला नाही, पण आईची मान खाली गेली.

संस्थेची गाडी बोलवा, तिच्यात ऑक्सिजन असतो, असं सिस्टर म्हणाल्या. आईनं पिशवीतून फोन काढला आणि माझ्यापुढं धरला.

"तूच दाब. माझ्या बोटाला येत न्हाई."

मी दाबलं. 'पाठवत आहे' नीट वाचूनही झालं नाही तोच 'गाडी निघाली' आलं. दवाखान्याच्या दारातच गाडी उभी होती, ड्रायव्हर पायऱ्या चढून वर आला.

आईनं पडद्याकडे बघितलं, मग स्वतःच्या बोटाकडे बघितलं. हळदीनं, चुलीनं, निंदण्यानं त्या बोटाची कातडी जाड झालेली. तिच्या मनात काय चाललंय ते आता मला दिसलं. माझं दाबलेलं जातं आणि तिचं जात नाही, हे तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणजे चूक तिची.

"तसं न्हाई गं आई," मी म्हटलं. पण मग कसं, ते मला सांगता येत नव्हतं.

हिंगोलीला जाताना गाडीत बसूनच मी अपूर्वला लिहिलं की माझा होकार मागं घेतलाय, सोमवारी हे सोडू नका. त्याचा लगेच फोन आला, पण बाळाच्या शेजारी बसून मला बोलता आलं नाही. शनिवारी सकाळी बाळाचा श्वास बरा झाला. वडील सपनापाशी सेनगावात राहिले होते. आम्ही दोघी हिंगोलीच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात. आईनं आदल्या दिवसापासून काही खाल्लं नव्हतं. मी आणलेल्या पोह्यांची पुडी तिनं तशीच शेजारी ठेवली होती.

मी येरझाऱ्या घालत होते. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, हातात तो फोन, अंगठा पडद्यावर. वॉर्डातली एक बाई म्हणाली, बस की गं माय, किती फिरशील. मी बसले, फोन उघडला, बंद केला, परत उघडला. आई माझ्या हाताकडे बघून म्हणाली की त्या फोनाला जरा दम घिऊ दे.

तिथं मला कळलं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते माझ्यासारखीसाठीच. सेनगावच्या हॉटेलात मी फोन एकदाही पडू दिला नव्हता. सेनगावच्या दवाखान्यात मी दाबलं ते त्या फोनावरचं दुसरं दाबणं होतं, पहिलं आईचं. अपूर्वनं उघडून लगेच दाबला होता. आम्हा दोघांच्याही हातांना थांबणं माहीत नव्हतं, म्हणून आम्हाला ती चूक कधी दिसलीच नाही. फोन बराच वेळ तसाच राहिला की तो झोपी जातो, आतली जोडणी तुटते, आणि पहिलं दाबणं कुठंच पोचत नाही. दुसऱ्या दाबण्याला जोडणी नव्यानं लागते. स्क्रिप्ट दुसऱ्यांदा दाबायची. अपूर्व फोन झोपायच्या आतच दाबायचा. मी तर दहादा दाबणारी. फळीवर फोन जपून ठेवून, वेळ आल्यावर एकदाच दाबून, विश्वासानं वाट बघणारं माणूस आमच्या तपासणीत नव्हतंच.

मी माझ्या फोनवरून अपूर्वला व्हिडिओ कॉल लावला. तो आधी बाळाचं विचारत होता, मनापासून. मग म्हणाला की नोंदी बघितल्या, तुमच्या घरून पहिला निरोप आमच्यापर्यंत आलेलाच नाही, म्हणजे गावचं नेटवर्क, करुणा, प्लीज समजून घे. मी म्हटलं, तुझ्या फोनवर ॲप उघड आणि टेबलावर ठेव. मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही. इकडे मी सपनाच्या नावाचा फोन बाकड्यावर, आई आणि माझ्या मधे ठेवला. कालचा ड्रायव्हर बाळाची चौकशी करायला आला होता, त्याला सांगून ठेवलं की आता एक निरोप येईल किंवा येणार नाही, तू जागचा हलू नकोस.

आणि आम्ही बसलो. अपूर्वनं जरा वेळानं सवयीनं फोन उचलला. मी म्हटलं, ठेव, पुन्हा पहिल्यापासून. तो ओशाळून हसला. मग त्यानं दोन्ही हात काखेत दाबून घेतले. मी माझे मांडीखाली धरले. पाय हलत होता, त्यावर आईनं नुसता हात ठेवला. आईला असं बसणं अवघड नव्हतं. ती आदल्या दिवशी अशीच बसली होती, पोटची पोर आत कण्हत असताना. किती वेळ बसली असेल, आणि तिचा तो वेळ कसा गेला असेल, हे मला त्या बाकड्यावर बसून पहिल्यांदा कळत होतं आणि सोसत नव्हतं.

पुरेसा वेळ गेल्यावर मी आईला म्हटलं, दाब. तिनं मान हलवली. माझ्यानं व्हनार न्हाई, तू दाब म्हणाली. मी तिचं बोट हातात घेतलं नाही, नुसतं सांगितलं की एकदाच दाब, तुझ्या पद्धतीनं. तिनं बोट पदराला पुसलं, पडद्याजवळ नेलं, थांबली, आणि दाबलं. तिकडे अपूर्वनंही दाबलं.

'पाठवत आहे.' गोल फिरायला लागलं. ड्रायव्हर दोन्ही हात पसरून उभा राहिला, त्याच्याकडे काही आलं नव्हतं. आईचा चेहरा पडला. तिला वाटलं, पुन्हा चुकलं.

मी अपूर्वकडे बघितलं. तो स्वतःच्या फोनाकडे बघत होता. पुण्यात, ऑफिसात, रेंजच्या सगळ्या कांड्या असताना त्याच्याही पडद्यावर गोल फिरत होतं. त्याचं बोट आपोआप पुन्हा पुढं आलं. मी म्हटलं, दाबू नकोस. त्यानं बोट मागं घेतलं.

"सोमवारी नाही जाणार हे," तो म्हणाला. "जुना नंबर चालू ठेवायला सांगतो. आत्ताच सांगतो." मग त्यानं काकूंना फोन दे म्हटलं. मी फोन आईकडे वळवला.

"काकू, तुम्ही बरोबर दाबलं होतं. काल पण. चूक आमची आहे, आमच्या ॲपची."

आईनं त्याचं सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडे वळून तिनं विचारलं,

"मंग त्या लेकराला माझ्यानं उशीर झाला न्हाई?"

कालपासून ती हेच गिळून बसली होती. पोह्यांची पुडी, घासलेलं बोट, खाली घातलेली मान, सगळं त्याच्यासाठी होतं. मला अपूर्वकडे बोट दाखवता आलं असतं. पण ती पिवळी खूण मी बघितली होती, नंबर फिरवू नको असं आईला मी सांगितलं होतं, आणि सेनगावच्या बाकड्यावर बसून होकारही मीच पाठवला होता.

"न्हाई, आई," मी म्हटलं. "आमच्यानं झाला."

आईनं पदर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली. पलीकडे पुण्यात अपूर्व मान खाली घालून बसून होता, त्यानं फोन ठेवला नाही.